दादासाहेब फाळके : एका निर्मात्याचें घर आणि व्यवहार



१९१३ सालच्या मे महिन्याच्या तीन तारखेस, शनिवारीं, मुंबईस गिरगांवांतील सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या थिएटरांत एक मोठा मौजेचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची जाहिरात आज वाचली म्हणजे हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. आयरीन डेलमार नांवाच्या मडमेचें नृत्य, मॅक्लेमंट्स यांचा विनोदी प्रवेश, पायांनीं वस्तू झेलून दाखविणारा अलेक्झांडर नांवाचा कसरतपटू, टिपटॉप हास्यचित्रें, आणि या सगळ्यांच्या पंक्तीला येऊन बसलेला सत्त्वशील राजा हरिश्चंद्र! डोंबाघरीं पाणी भरणाऱ्या राजाला कसरतपटूचा शेजार जड वाटला नसेल. पण ज्या गृहस्थानें त्याला तेथवर आणून पोंचविलें, त्याच्या छातींत त्या दिवशीं काय धडधड होत असेल याची कल्पना करवत नाहीं.

ते गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं त्यांचा जन्म झालेला. म्हणजे त्या शनिवारीं त्यांना त्रेचाळीस वर्षें पुरीं होऊन तीनच दिवस झाले होते. या वयांत आपल्याकडील शिकलेला माणूस नोकरींत स्थिरावून पेन्शनीचा हिशेब मांडूं लागतो. फाळक्यांच्या हिशेबाच्या वहींत मात्र गहाण टाकलेली विम्याची पॉलिसी, पत्नीचे दागिने आणि स्नेह्यांकडून उचललेलें कर्ज, एवढ्याच रकमा ठळक होत्या.

दादासाहेब फाळके हे भारतीय चित्रपटाचे जनक, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकलें आहे कीं त्याला आतां फारसा अर्थ उरलेला नाहीं. आज मला त्यांच्या चित्रांच्या कलागुणांविषयीं बोलावयाचें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें निर्माते फाळके यांच्याविषयीं. चित्रपटाचा निर्माता म्हणजे जो पैसा उभा करतो, माणसें गोळा करतो आणि तोटा आल्यास तो सोसतो, असा हल्लींचा समज आहे. फाळक्यांनीं हें तर केलेंच. पण त्याखेरीज कथा रचली, कॅमेरा घेतला, पडदे रंगविले, फिल्म धुतली, आणि नटांना मिशा काढावयास लावल्या. निर्माता या शब्दाची वांटणी व्हावयाची होती, तेव्हांचा हा माणूस.

त्यांचें पूर्वायुष्य म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या धंद्यांची एक लांब यादीच आहे. वडील संस्कृताचे विद्वान. मुलगा शास्त्रीबोवा व्हावयाचा, तो १८८५ सालीं जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें गेला. पुढें बडोद्याच्या कलाभवनांत चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणें, जादूचे खेळ असें दिसेल तें शिकत राहिला. गोध्र्यास त्यानें छायाचित्रकाराचें दुकान थाटलें, आणि तेथें प्लेगनें पहिली पत्नी व मूल दोन्ही नेलीं. पुन्हां बडोदें, तेथें फोटो काढल्यानें आयुष्य घटतें या समजुतीमुळें गिऱ्हाईक फिरकेना. १९०३ सालीं पुराणवस्तुसंशोधन खात्यांत नोकरी मिळाली, ती वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेंत सोडली. मग लोणावळ्यास छापखाना, राजा रविवर्म्याच्या तसबिरींच्या छपाईचें काम, भागीदारी, १९०९ सालीं नवीं यंत्रें पाहण्यासाठीं जर्मनीची वारी, आणि परत आल्यावर थोड्याच काळांत भागीदारांशीं बेबनाव. चालता छापखाना सोडून फाळके रिकाम्या हातानें बाहेर पडले.

हा शेवटचा प्रसंग श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा, कारण तो पुढें पुन्हां घडावयाचा आहे. पण या यादीकडे नीट पाहिलें तर तींत वायां गेलेलें असें कांहींच दिसत नाहीं. अंधाऱ्या खोलींतील रसायनें, रंगीत पडदे, नजरबंदी, आणि रविवर्म्याचे ते देव, ज्यांना आपल्या घराघरांतील भिंतींनीं ओळखलें होतें: या साऱ्यांची गांठ एका ठिकाणीं पडावयाची राहिली होती. ती १९११ च्या सुमारास मुंबईच्या एका सिनेमागृहांत, ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्र पाहतांना पडली. फाळक्यांनीं पुढें 'नवयुग' मासिकांत आपली हकीकत स्वतःच लिहिली आहे. डोळ्यांपुढें ख्रिस्त सरकत होता आणि मनांत राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभीं राहत होतीं, असा तिचा मतलब. दुसऱ्या खेळास त्यांनीं पत्नीलाही नेलें.

यानंतरचे महिने म्हणजे एक प्रकारचें वेडच. मिळेल तेथें चित्रें पाहावयाचीं, परदेशीं मासिकें व सूचीपत्रें चाळावयाचीं, रात्रभर प्रयोग करावयाचे. डोळ्यांवर इतका ताण पडला कीं दृष्टीच जावयाची वेळ आली. औषधोपचारानें ती कशीबशी परत मिळाली. मिळाल्याबरोबर गृहस्थांनीं काय केलें? विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारींत विलायतेची बोट धरली.

लंडनमध्यें ओळखीचें कोणी नव्हतें. 'बायोस्कोप' नांवाच्या साप्ताहिकाचे ते मुंबईस वर्गणीदार होते, एवढाच काय तो धागा. त्या पत्राची पाटी दिसतांच ते सरळ संपादकांच्या खोलींत शिरले. संपादक कॅबोर्न यांनीं त्यांना प्रथम या भानगडींत न पडण्याचा सल्ला दिला, आणि माणूस हटत नाहीं असें पाहून सेसिल हेपवर्थ या नामांकित चित्रनिर्मात्याकडे पाठविलें. हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओंत फाळक्यांनीं कांहीं दिवस सर्व कामें डोळे भरून पाहिलीं. विल्यमसन बनावटीचा एक कॅमेरा आणि फिल्मला छिद्रें पाडावयाचें यंत्र विकत घेतलें, आणि एप्रिलच्या आरंभीं ते मुंबईस परत आले. अवघ्या दोन महिन्यांचा हा विद्याभ्यास! आपल्याकडे याहून अधिक दिवस स्वयंपाक शिकण्यांत जातात.

यंत्र आलें, ज्ञान आलें. भांडवल कोठें होतें? पैसेवाल्यास पटेल असें कांहीं दाखविणें प्राप्त होतें. फाळक्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवून ठेवला. रोज थोडी फिल्म फिरवावयाची, असा क्रम कित्येक दिवस चालला. पडद्यावर जेव्हां तें चित्र दाखविलें, तेव्हां दाण्यांतून अंकुर फुटून वेल वर चढतांना मिनिटाभरांत दिसला. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनीं तें पाहिलें आणि तारणावर कर्ज देऊं केलें. आपल्या देशांत चित्रपटाच्या धंद्याला मिळालेलें पहिलें भांडवल वाटाण्याच्या वेलावर चढून आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां दादर येथील त्या घरांत जाऊं. दादर मेन रोडवरील बंगल्यांत खालीं स्टुडिओ, वर संसार, आणि दोहोंच्या मध्यें सरस्वतीबाई फाळके. चरित्रकारांनीं या बाईंचें ऋण मान्य केलें आहे. परंतु तें बहुधा त्याग, सोशिकपणा अशा शब्दांनीं फेडून टाकण्याची रीत आहे. मला वाटतें, त्यांचें काम हिशेबानें सांगावें. त्या काळीं कोरी फिल्म बिनछिद्रांची येई. तिच्या दोन्ही कांठांना छिद्रें पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्यांत चालत नसे. आणि हें काम अंधारांतच करावें लागे, कारण उजेड लागला कीं फिल्म फुकट. एका फुटांत सोळा चित्रें, प्रत्येक चित्रास एका बाजूला चार छिद्रें. दोन्ही बाजू मिळून फुटाला एकशें अठ्ठावीस. 'राजा हरिश्चंद्र' सुमारें ३,७०० फुटांचा. म्हणजे नुसत्या मूळ प्रतीसाठीं पावणेपांच लाख छिद्रें झालीं, आणि वायां गेलेली फिल्म व पुढच्या प्रती यांत धरलेल्याच नाहींत. मुलें झोंपल्यावर, दिवसभराचीं कामें उरकून, सरस्वतीबाई अंधारांत हें यंत्र चालवीत. फिल्म धुण्याचीं रसायनें तयार करणें, चित्रण चालूं असतां उन्हांत पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणें, हेंही त्यांच्याकडे. आणि याखेरीज साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. कंपनींतील माणसें घरींच जेवत. तीं पांचपन्नासांच्या घरांत होतीं.

स्त्रीभूमिकेस स्त्री मिळेना, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. फाळक्यांनीं जाहिरात दिली, नायकिणींच्या घरचे उंबरठे झिजविले. तेथूनही नकारच आला. नाटकांत उभें राहणाऱ्या बायाही जेथें जवळजवळ नव्हत्या, तेथें सिनेमा म्हणजे तर भलतेंच. शेवटीं एका खानावळींत काम करणारा साळुंके नांवाचा सडपातळ, नाजूक हातांचा पोरगा त्यांच्या दृष्टीस पडला, आणि तारामती सांपडली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. हे नट काय धंदा करतात असें कोणी विचारल्यास त्यांनीं 'हरिश्चंद्राच्या कारखान्यांत कामाला आहों' असें सांगावें, अशी फाळक्यांची सूचना असे. कारण कारखान्यांतील माणसाला समाजांत पत होती आणि नटाला नव्हती. याच नांवाचा मराठी चित्रपट २००९ सालीं परेश मोकाशी यांनीं काढला, तो श्रोत्यांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. थट्टेंत सांगितलेलें असलें तरी त्या नांवांत खोटें कांहींच नव्हतें. तो कारखानाच होता. सहा महिने आणि सत्तावीस दिवस चालून त्यांतून एक जिन्नस बाहेर पडला.

२१ एप्रिल १९१३ रोजीं ग्रँट रोडवरील ऑलिंपिया थिएटरांत निवडक मंडळींना तो दाखविण्यांत आला, आणि मग आला तो आरंभीं सांगितलेला शनिवार. येथें एक न्यायाची गोष्ट नोंदविली पाहिजे. याच कॉरोनेशन थिएटरांत आदल्या वर्षीं, १८ मे १९१२ रोजीं, दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' दाखविला गेला होता. पहिला मान कोणाचा, यावरून आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. 'पुंडलिक' हें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें, कॅमेरा इंग्रज माणसाच्या हातीं होता, आणि फिल्म लंडनला धुतली गेली. तोरण्यांचा मान यामुळें कमी होत नाहीं. पण फाळक्यांचा दावा मुळीं निराळ्या गोष्टीचा होता: कच्च्या फिल्मपासून पडद्यापर्यंतचें प्रत्येक काम या देशांत, या देशाच्या माणसांच्या हातून होऊं शकतें, हें त्यांना दाखवावयाचें होतें. स्वदेशीच्या लाटेंत सरकारी नोकरी सोडणाऱ्या माणसानें दुसरें काय दाखवावें?

मुंबईस चित्र चाललें. बाहेरगांवीं मात्र अडचण निराळीच. पांच-सहा तासांचें नाटक पाहण्यास सोकावलेला प्रेक्षक दीड तासाच्या खेळास पैसे मोजीना. तेव्हां फाळक्यांनीं जाहिरात काढली ती अशी कीं, तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रें पाहा, चित्राची लांबी दोन मैल! मीं हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. ३,७०० फुटांत सोळाच्या हिशेबानें एकोणसाठ हजारांवर चित्रें होतात. म्हणजे सत्तावन्न हजारांचा आंकडा प्रामाणिक आहे. दोन मैल मात्र कोठून आले कोण जाणे. ती लांबी पाऊण मैलही भरत नाहीं. हरिश्चंद्राच्या नांवावर एवढें असत्य खपून गेलें आणि थिएटर भरलें.

यशानंतर फाळक्यांनीं आपलें बिऱ्हाड व कारखाना नाशिकास हलविला. 'मोहिनी भस्मासुर'मध्यें प्रथमच स्त्रिया उभ्या राहिल्या: पार्वती झालेल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झालेली त्यांची कन्या कमळाबाई, म्हणजे पुढें रंगभूमीवर गाजलेल्या कमळाबाई गोखले. १९१४ सालीं 'सत्यवान सावित्री' आला. तीं चित्रें घेऊन ते पुन्हां लंडनला गेले, तेथील जाणकारांनीं वाखाणलीं, आणि तेथेंच राहून चित्रें काढावीं असें त्यांना सुचविण्यांत आलें. फाळक्यांनीं तें नाकारलें. घरीं उभा केलेला कारखाना बंद पडला असता, हें त्यांचें कारण. व्यवहाराच्या दृष्टीनें हा मूर्खपणा कीं शहाणपणा हें सांगणें कठीण आहे. कारण ते परत येतात न येतात तोंच महायुद्ध पेटलें, भांडवलवाल्यांनीं हात आंखडले, आणि नाशिकच्या माणसांचे पगार चुकते करणें मुष्कील झालें. पुन्हां कर्ज, पुन्हां सरस्वतीबाईंचे दागिने. या पडत्या काळांत त्यांनीं छोटीं छोटीं चित्रें काढलीं. आगकाड्यांची मौज हा त्यांतलाच एक प्रकार. आगपेटींतल्या काड्या नट होऊन हालतात. आगकाडीला पगार द्यावा लागत नाहीं, हें त्या वेळीं सोयीचेंच म्हणावयाचें.

मग १९१७ चा 'लंकादहन'. साळुंके यांनीं यांत रामही केला आणि सीताही. मुंबईस खेळांवर खेळ झाले, आणि मद्रासकडे तिकिटांचीं नाणीं बैलगाडींत घालून पोलीस-बंदोबस्तांत न्यावीं लागलीं असें सांगतात. आतां मात्र लक्ष्मी आपण होऊन दाराशीं आली. खुद्द लोकमान्य टिळकांनीं फाळक्यांसाठीं मोठी कंपनी काढण्याच्या खटपटींत लक्ष घातलें होतें. ती योजना सिद्धीस गेली नाहीं. पण १ जानेवारी १९१८ पासून पांच भांडवलदारांच्या भागीदारीनें 'हिंदुस्थान फिल्म कंपनी' नाशिकास सुरू झाली. वामनराव आपटे व्यवस्थापक, फाळके चित्रनिर्मितीचे प्रमुख. पहिलें चित्र 'श्रीकृष्णजन्म', १९१९ सालीं 'कालिया मर्दन'. दोहोंत बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. पैसा मिळाला, कीर्ति मिळाली. आणि त्याच वर्षीं फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीस निघून गेले.

कशावरून बिनसलें? भांडण पैशाचें होतें आणि नव्हतें. भागीदारांचें म्हणणें, चित्राला किती दिवस लागतील व खर्च काय येईल तें आधीं ठरावें. फाळक्यांचें म्हणणें, मनासारखें होईपर्यंत चित्र पुरें होत नाहीं. बहुतेक चरित्रलेखक येथें फाळक्यांची बाजू घेऊन भांडवलदारांवर तोंडसुख घेतात. मला तें सर्वस्वी पटत नाहीं. वर्षाला कित्येक चित्रें काढून दूरदूरच्या थिएटरांना पुरवावयाचीं, त्या धंद्याला अंदाजपत्रक लागतेंच. फाळक्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हां व्यवस्थापक, खजिनदार आणि कलावंत हे एकाच घरांत, एकाच पंक्तीला जेवीत होते. रात्रीं खर्चाची काळजी वाटली तर ती उशाशींच बोलून संपे. तीच सवय घेऊन ते कंपनींत आले, आणि दुसऱ्याच्या पैशाला दुसऱ्याचें मत चिकटलेलें असतें ही गोष्ट त्यांना जन्मभर मानवली नाहीं. छापखान्यांत हेंच घडलें होतें. पण भागीदारांचीही चूक होतीच. ज्याच्या हातगुणावर सर्व इमारत उभी, त्याला पगारी कारागीर समजून चालत नाहीं.

काशींत त्यांनीं 'रंगभूमी' नांवाचें नाटक लिहिलें. 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकर यांनीं परत येण्याविषयीं लिहिलें, तेव्हां या धंद्यापुरता आपण मेलों आहों अशा अर्थाचें उत्तर फाळक्यांनीं धाडलें. कोल्हटकरांनीं तें छापून टाकलें, आणि वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. अखेर १९२२ सालीं फाळके कंपनींत परतले. पण मधल्या काळांत जग पुढें गेलें होतें. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर 'सैरंध्री' काढून बसले होते. लोकांची दृष्टी बदलत होती. परतलेल्या फाळक्यांनीं चित्रें पुष्कळ काढलीं. सर्व मिळून त्यांच्या नांवावरील लहानमोठ्या चित्रांची संख्या शंभराच्या पुढें जाते. पण या पुढच्या दहा वर्षांत सांगण्यासारखें मला फारसें आढळत नाहीं, म्हणून तीं सोडून देतों.

१४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' हा बोलपट मुंबईस आला. पुढल्याच वर्षीं 'प्रभात'नें मराठीतला पहिला बोलपट काढला, त्याचें नांव 'अयोध्येचा राजा', आणि कथा तीच, हरिश्चंद्राची. आपणच पडद्यावर उभा केलेला राजा दुसऱ्याच्या कंपनींत बोलूं लागलेला पाहून फाळक्यांना काय वाटलें असेल? त्यांचा स्वतःचा 'सेतुबंधन' आधीं मूक निघाला, मग त्याला आवाज जोडण्याचा खटाटोप करावा लागला. १९३७ सालीं कोल्हापूर सिनेटोनसाठीं त्यांनीं 'गंगावतरण' हा एकच खरा बोलपट केला. वय सदुसष्ट; तो त्यांचा शेवटचा.

१९३८-३९ च्या सुमारास या धंद्याचा रौप्यमहोत्सव मुंबईस थाटामाटानें झाला. लक्षावधींच्या गोष्टी करणाऱ्या त्या मेळाव्यांत, ज्यांच्यामुळें पंचवीस वर्षें मोजतां आलीं ते वृद्ध गृहस्थ प्रेक्षकांत बसले होते, आणि व्ही. शांताराम यांनीं त्यांना पुढें आणलें असें सांगतात. त्यांच्यासाठीं घर बांधावें म्हणून शांतारामांनीं उपस्थित निर्मात्यांना आवाहन केलें. जमलेली रक्कम उत्सवाच्या मानानें बेताचीच. तींत 'प्रभात'नें भर घातली, आणि नाशिकास फाळक्यांचें घर झालें. ज्यांनीं आपलें घरच चित्रपटाला दिलें होतें, त्यांना चित्रपटानें एक घर परत केलें, एवढें खरें. त्याच नाशिकांत १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. तेव्हां दुसरें महायुद्ध चालूं होतें आणि चित्र काढावयास सरकारी परवाना लागे. अखेरच्या दिवसांतही फाळके असा परवाना मागत होते, ही हकीकत प्रसिद्ध आहे.

त्यांच्या नांवाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ सालापासून दिला जाऊं लागला. चित्रें मात्र बहुतेक सर्व नष्ट झालीं. 'राजा हरिश्चंद्र'चीं पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें, सुमारें १,४७५ फूट, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रयत्नानें हातीं आहेत. आणि तीं देखील १९१३ चीं कीं मूळ प्रत गेल्यावर १९१७ सालीं पुन्हां काढलेल्या चित्राचीं, याविषयीं अभ्यासकांत वाद आहे. 'कालिया मर्दन' बराचसा शाबूत आहे. चित्रपट कसे तयार होतात हें दाखविण्यासाठीं फाळक्यांनीं १९१७ सालीं एक छोटें चित्र काढलें होतें, त्याचाही तुकडा उरला आहे. त्यांत स्वतः दादासाहेब दिसतात. नटांना कसें उभें राहावें तें दाखवितात, मग बसून फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून न्याहाळतात. त्या पट्टीच्या कांठांना छिद्रें आहेत. तीं पाडणारी बाई त्या तुकड्यांत कोठेंही दिसत नाहीं.